यॉर्कचे दोन दिवस : पाहण्याच्या यादीत काय लिहावे?

१/ इंग्लंडच्या उत्तर भागात, ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमावर यॉर्क नावाचे शहर वसले आहे. रोमनांचा लष्करी तळ, व्हायकिंगांचे व्यापारी नगर, मध्ययुगीन धर्मपीठ, रेल्वेचे मोठे केंद्र आणि चॉकलेटचे गाव अशा सर्व ओळखी या एकाच शहराने धारण केल्या. सुमारे १,९५० वर्षांचे हे संचित पायी फिरता येईल एवढ्या जागेत दाटीने बसले आहे. तिथे दोन दिवस कसे घालवावेत, त्याविषयी आजचा धागा.

२/ इंग्लंडमध्ये शिकत असताना मार्च महिन्यातील एका शनिवार-रविवारी आम्ही तिघी मैत्रिणींनी यॉर्कचा बेत आखला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून यादी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. त्या यादीतील एक ओळ अशी होती : ‘क्लिफर्ड्स टॉवर. फोटो. २० मिनिटे.’ ती ओळ मला पुढे खोडावी लागली. का खोडावी लागली, ते धाग्याच्या शेवटी येईल.

३/ आधी व्यवहाराच्या गोष्टी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून यॉर्क सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे आणि जलद गाडी साधारण दोन तासांत पोहोचवते. जुन्या शहरात वाहनाची गरज पडत नाही. तटबंदीवरून फिरणे आणि राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय विनामूल्य आहे; मिन्स्टर, यॉर्विक केंद्र आणि क्लिफर्ड्स टॉवर यांना तिकीट लागते. मिन्स्टरमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालतात, म्हणून ते शनिवारीच पाहावे. तटबंदी अंधार पडताच बंद होते आणि बर्फ पडला तर दिवसाही बंद राहते.

४/ यॉर्कमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी तिथली एक गंमत ठाऊक असावी. या शहरात ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतील ‘गाता’ या शब्दाचा तो अवशेष आहे. मग दरवाजाला काय म्हणतात? ‘बार’. बूथम बार, मंक बार, वॉमगेट बार, मिकलगेट बार या शहराच्या चार प्रमुख वेशी आहेत. मद्यालय शोधत एखाद्या ‘बार’पाशी पोहोचलेल्या पाहुण्याला तिथे मध्ययुगीन वेस भेटते.

५/ पहिला दिवस, सकाळ. आरंभ संग्रहालयाच्या बागेतून करावा. इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने येथे तळ उभारला आणि त्याचे नाव एबोराकम असे ठेवले. बागेत ‘मल्टँग्युलर टॉवर’ नावाचा अनेक कोनांचा बुरूज उभा आहे. त्याच्या खालच्या भागातील दगड लहान, चौकोनी आणि एकसारखे आहेत, मध्ये लाल विटांचा एक पट्टा आहे. हे रोमनांचे काम. वरचे दगड मोठे आहेत आणि त्यांत बाण सोडण्याच्या उभ्या फटी आहेत, ते मध्ययुगातले. एकाच भिंतीत दोन काळ उघड्या डोळ्यांनी वाचता येतात.

६/ बागेतून बाहेर पडून बूथम बारमधून आत शिरावे. ही वेस रोमन तळाच्या एका दरवाजाच्या जागेवर आहे. पुढचा पीटरगेट आणि त्याला येऊन मिळणारा स्टोनगेट हे दोन्ही रस्ते रोमन छावणीच्या दोन मुख्य मार्गांच्या रेषेवरून जातात. राज्ये बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला. पण माणसांच्या पायांना पडलेले वळण बहुतांशी तसेच राहिले. हे ठाऊक असेल तर त्या रस्त्यावरून चालताना दुकानांच्या पाट्यांकडे थोडे कमी आणि रस्त्याच्या दिशेकडे थोडे अधिक लक्ष जाते.

७/ रोमन साम्राज्याचे दोन सम्राट याच शहरात मरण पावले. इ.स. २११ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस आणि ३०६ मध्ये कॉन्स्टँटियस. दुसऱ्याच्या मृत्यूनंतर २५ जुलै ३०६ रोजी सैन्याने त्याच्या पुत्राला, कॉन्स्टँटाइनला, येथेच सम्राट घोषित केले. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या या सम्राटाची कारकीर्द साम्राज्याच्या दूरच्या टोकावरील एका छावणीत सुरू झाली. मिन्स्टरच्या बाहेर त्याचा १९९८ साली बसवलेला कांस्यपुतळा आहे.

८/ आता मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचे मुख्य चर्च. आजच्या गॉथिक वास्तूचे काम १२२० च्या सुमारास सुरू झाले आणि १४७२ साली ती पूर्ण मानली गेली. अडीचशे वर्षे! म्हणजे पाया खणणाऱ्याच्या नातवाच्या नातवालाही कळस पाहायला मिळाला असेल याची खात्री नाही. १९६७ नंतर मधल्या मनोऱ्याचा पाया खचू लागला म्हणून खोदकाम करावे लागले. तेव्हा खाली रोमन छावणीच्या मुख्यालयाचे अवशेष सापडले. ते आज तळघरात पाहता येतात. वरचे चर्च पाहून झाल्यावर खाली उतरायला विसरू नये.

९/ मिन्स्टरची पूर्वेकडील भव्य खिडकी हे रंगीत काचकामाचे जगप्रसिद्ध उदाहरण. कॉव्हेंट्रीचा कारागीर जॉन थॉर्नटन याने १४०५ ते १४०८ या काळात ती घडवली आणि त्याला एकूण ५६ पौंड मिळाले. विश्वाची उत्पत्ती आणि अंत असा तिचा विषय आहे. खिडकीचा आकार साधारण टेनिसच्या मैदानाएवढा आहे. बहुतांश प्रेक्षक खाली उभे राहून फक्त रंग पाहतात. जवळ दुर्बीण असेल तर अवश्य न्यावी. थॉर्नटनने वर, माणसाच्या नजरेपलीकडेही, चेहरे तेवढ्याच निगुतीने रंगवले आहेत.

१०/ ही काच टिकली कशी, हाही इतिहासच. १६४४ च्या यादवी युद्धात संसदेच्या सैन्याने यॉर्कला वेढा घातला. १६ जुलै रोजी शहर शरण आले. त्या काळी धर्मसुधारक सैनिक चर्चमधील प्रतिमा फोडत असत. पण यॉर्कशरचाच असलेला संसदेचा सेनापती थॉमस फेअरफॅक्स याने मिन्स्टरला संरक्षण दिले, असे मानले जाते. पुढे १८२९, १८४० आणि १९८४ अशा तीन वेळा या वास्तूला मोठ्या आगी लागल्या. आपण जे ‘प्राचीन’ म्हणून पाहतो ते पुनःपुन्हा वाचवलेले आणि दुरुस्त केलेले असते.

११/ दुपारी कॉपरगेटकडे वळावे. नाव ऐकून आपल्या मराठी मनाला वाटते की ही यॉर्कची तांबट आळी असणार. पण तसे नाही. नॉर्स भाषेत याचा अर्थ पेले करणाऱ्यांचा रस्ता, म्हणजे खरे तर कातारी आळी. १९७६ ते १९८१ या काळात येथे उत्खनन झाले, तेव्हा लाकडी वाट्या-पेले आणि ते कातताना उरलेले लाकडाचे गाभे मोठ्या संख्येने मिळाले. रस्त्याच्या नावाने जी साक्ष हजार वर्षे सांभाळली होती, तिला जमिनीने दुजोरा दिला.

१२/ व्हायकिंगांनी ८६६ साली यॉर्क जिंकले आणि ९५४ साली त्यांचा अखेरचा राजा एरिक येथून हाकलला गेला. कॉपरगेटच्या ओल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या मातीत त्यांचे लाकूड, चामडे, कापड न कुजता राहिले. तलवारी-शिरस्त्राणांच्या कथांमागे कातारी, चांभार आणि विणकर होते, हे या मातीने दाखवले. त्याच जागेवर १९८४ साली यॉर्विक केंद्र उघडले. २०१५ च्या डिसेंबरमधील पुरात तिथे पाणी शिरले आणि ते २०१७ पर्यंत बंद राहिले. ज्या ओलाव्याने हे सारे जपले, त्यानेच पुन्हा येऊन दार ठोठावले. येथे रांग मोठी असते. वेळ आधी आरक्षित करावी.

१३/ कॉपरगेटपासून जवळच शँबल्स ही खाटिकांची जुनी गल्ली आहे. वरचे मजले पुढे झुकलेले, मधून आकाशाची एक चिंचोळी पट्टी. यॉर्कचे सर्वाधिक छायाचित्रित स्थळ कदाचित हेच. पण या गल्लीत मार्गारेट क्लिथरो हिचे स्मरणस्थानही आहे. ती एका खाटिकाची पत्नी. कॅथलिक धर्मगुरूंना आश्रय दिल्याचा तिच्यावर आरोप होता. तिने न्यायालयात बाजू मांडण्यास नकार दिला, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले. १९७० साली कॅथलिक चर्चने तिला संतपद दिले.

१४/ संध्याकाळी कोनी स्ट्रीटवरील सेंट मार्टिन चर्चसमोर थांबावे. या चर्चचा काही भागच पुन्हा बांधला आहे. उरलेल्या जागेत आकाशाखाली अंगण आहे. २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे जर्मन विमानांनी यॉर्कवर बॉम्ब टाकले. त्यात हे चर्च आणि पंधराव्या शतकातील गिल्डहॉल जळाले. एक्झिटर, बाथ, नॉरिच, यॉर्क आणि कँटरबरी या ऐतिहासिक शहरांवरील हल्ल्यांच्या या मालिकेला ‘बेडेकर हल्ले’ असे नाव पडले.

१५/ बेडेकर हे आडनाव आपल्याकडचे वाटले, तरी हे बेडेकर जर्मन. कार्ल बेडेकरने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली प्रवासी मार्गदर्शक पुस्तके युरोपभर प्रसिद्ध होती. पाहण्याजोग्या स्थळापुढे त्यांत तारका छापलेली असे. ब्रिटिश विमानांनी मार्च १९४२ मध्ये जर्मनीचे ल्युबेक हे जुने शहर जाळले. त्यानंतर एका जर्मन अधिकाऱ्याने बेडेकरमध्ये तारका असलेली ब्रिटनमधील प्रत्येक वास्तू लक्ष्य करू, अशी भाषा केली. काय पाहावे याची यादी अशा रीतीने काय जाळावे याची यादी झाली. ‘स्थळांची यादी’ या गोष्टीकडे मी निरागसपणे पाहणे त्या अंगणात थांबवले.

१६/ दुसरा दिवस. सकाळी रेल्वे संग्रहालय. १९७५ साली उघडलेले हे लंडनबाहेरचे पहिले राष्ट्रीय संग्रहालय. येथे निळ्या रंगाचे ‘मॅलार्ड’ इंजिन आहे. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. रेल्वेने यॉर्कला श्रीमंत केले, पण पहिले स्थानक तटाच्या आत बांधण्यासाठी तटबंदीला भगदाडही पाडले.

१७/ तटबंदी तर त्यापूर्वीच नाहीशी व्हायची होती. १८०० साली नगरपालिकेनेच ती पाडण्यासाठी संसदेकडे परवानगी मागितली. भिंत जुनी, देखभाल खर्चिक, रस्ते अरुंद. कारणे आजच्या कोणत्याही शहराला ओळखीची वाटावीत. विरोध झाला. विरोधकांत पुढे यॉर्कमध्येच जन्मलेला चित्रकार विल्यम एटी आघाडीवर होता. तरीही वेशींपुढील संरक्षक बांधकामे पाडली गेली; फक्त वॉमगेट बारचे उरले. आज इंग्लंडमधील सर्वांत लांब मध्ययुगीन नगर-तटबंदी म्हणून जी ३.४ किलोमीटरची भिंत दाखवली जाते, ती या भांडणातून बचावलेली आहे.

१८/ स्थानकाजवळून तटावर चढून मिकलगेट बारकडे जावे. राजे लंडनहून येत ते याच वेशीतून आणि बंडखोरांची मस्तके टांगली जात तीही याच वेशीवर. वेकफिल्डच्या लढाईत (३० डिसेंबर १४६०) मारल्या गेलेल्या रिचर्डचे मस्तक येथे लावले होते. त्याची पदवी काय होती? ड्यूक ऑफ यॉर्क. शहराचे नाव धारण करणारा सरदार त्याच शहराच्या वेशीवर.

१९/ तटावरून चालता चालता एक अशी गोष्ट आठवावी, जिच्यापुढे कोणी तारका छापली नाही. येथील चॉकलेट उद्योजक घराण्यातील सीबोम राउनट्री याने १८९९ मध्ये यॉर्कच्या श्रमिकांच्या घरोघरी पाहणी केली आणि १९०१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा की शहराची २७.८४ टक्के लोकसंख्या दारिद्र्यात होती. त्याच १९०१ साली, एल्फिन्स्टन महाविद्यालयात एके काळी शिकवलेल्या दादाभाई नौरोजींचे भारताच्या दारिद्र्यावरील पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. एकच वर्ष, एकच विषय. एक साम्राज्याच्या पोटातला, एक साम्राज्याच्या ओझ्याखालचा. दोघांनीही गरिबी आकड्यांत मोजली, म्हणून ती नाकारणे अवघड झाले.

२०/ तट बेल हिलपाशी संपतो. पूल ओलांडला की समोर गवताळ टेकडी आणि तिच्यावर चार पाकळ्यांच्या आकाराचा दगडी बुरूज : क्लिफर्ड्स टॉवर. माझ्या यादीतील ‘फोटो, २० मिनिटे’. विल्यम द कॉन्करर याने उत्तर इंग्लंडला दहशतीत ठेवण्यासाठी नदीच्या दोन्ही काठांवर किल्ले उभारले, बेल हिल आणि ही टेकडी त्यांच्याच खुणा. निघण्याच्या आदल्या रात्री मी या जागेविषयी वाचायला बसले आणि वाचतच राहिले.

२१/ सप्टेंबर ११८९ मध्ये पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला आणि लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले. क्रुसेडच्या उन्मादात ते इतर शहरांत पसरले. चर्च ख्रिस्ती लोकांना व्याजाने पैसे देण्यास मनाई करत असे. त्यामुळे सावकारी हा ज्यूंना मोकळा असलेल्या थोड्या व्यवसायांपैकी एक होता. यॉर्कशरचे अनेक सरदार त्यांचे कर्जदार होते. ज्यू राजाच्या संरक्षणाखाली होते आणि त्यांच्याकडून करही राजाच वसूल करी. म्हणजे कर्जदारांचा राग, धर्मवेड आणि दूर गेलेला राजा या तीन गोष्टी एकत्र आल्या.

२२/ मार्च ११९० मध्ये यॉर्कच्या ज्यूंनी राजाच्या किल्ल्यात, या टेकडीवरील तेव्हाच्या लाकडी बुरुजात, आश्रय घेतला. बाहेर जमावाने आणि सैनिकांनी वेढा घातला. १६ मार्चला सुटकेची आशा संपली, तेव्हा बहुतेकांनी धर्मांतरापेक्षा स्वतःच्या हाताने मृत्यू पत्करला आणि बुरुजाला आग लागली. जे उरले त्यांना बाप्तिस्मा घेतल्यास अभय मिळेल असे सांगून बाहेर बोलावले आणि ठार मारले. मृतांची संख्या सुमारे १५० मानली जाते.

२३/ यानंतर हल्लेखोर कुठे गेले? मिन्स्टरमध्ये. तिथे ज्यूंच्या कर्जाचे दस्तऐवज सुरक्षित ठेवलेले होते. ते त्यांनी बाहेर काढून जाळले. रिचर्ड मालेबिस हा सूत्रधारांपैकी एक, आणि तो स्वतः ज्यूंचा ऋणकोही होता. राजसत्तेने शहरातील प्रतिष्ठितांना दंड केला आणि ११९४ मध्ये नवी व्यवस्था आणली : कर्जाच्या दस्तऐवजांच्या प्रती ख्रिस्ती व ज्यू अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली कुलूपबंद पेट्यांत ठेवायच्या. माणसे वाचली नाहीत. कागद वाचतील अशी तरतूद मात्र झाली. १२९० साली इंग्लंडमधील सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवण्यात आले.

२४/ आदल्या दिवशी ज्या मिन्स्टरची काच मी दुर्बिणीतून निरखत होते, तेच हे ठिकाण. (ती काच पुढची, आजची इमारतही पुढची, पण धर्मपीठ तेच.) क्लिफर्ड्स टॉवरचा आजचा दगडी बुरूजही नंतरचा, तेराव्या शतकातील, तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. जळालेल्या बुरुजाचे येथे दिसण्यासारखे काही नाही. म्हणूनच ‘फोटो’ हे माझे टिपण चुकीचे होते : ज्याचा फोटो निघतो, ते तेव्हा नव्हते, जे तेव्हा होते, त्याचा फोटो निघत नाही.

२५/ टेकडीच्या पायथ्याशी एक स्मृतिशिला आहे. ती १९७८ साली बसवली, म्हणजे घटनेनंतर ७८८ वर्षांनी. मार्चमध्ये उतारावर पिवळी डॅफोडिल फुलतात. सहा पाकळ्यांची ही फुले सहा टोकांच्या दाविदाच्या ताऱ्याची आठवण म्हणून लावली आहेत. त्या दिवशी एक कुटुंब त्या फुलांत मुलांना बसवून छायाचित्रे काढत होते. आदल्या रात्री पुस्तक उघडले नसते तर मीही तेच केले असते, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नव्हता.

२६/ शहरात ज्यूबरी नावाचीही एक जागा आहे. १९८० च्या दशकात वाहनतळासाठी खोदकाम करताना तेथील मध्ययुगीन ज्यू दफनभूमीतील जवळपास ५०० जणांचे अवशेष मिळाले. पुढे त्यांचे जवळच पुन्हा दफन झाले. ११९० नंतर यॉर्कमध्ये ज्यू पुन्हा वसले, तेराव्या शतकात येथील ॲरन हा देशातील मोठ्या धनिकांपैकी एक होता, हेही सांगायला हवे. त्यांचा यॉर्कमधील इतिहास एका रात्रीचा नाही. ते येथे जगलेही.

२७/ तर दोन दिवसांची सुधारलेली यादी अशी. शनिवार : संग्रहालयाची बाग, पीटरगेट, मिन्स्टर (तळघरासह), कॉपरगेट, शँबल्स, सेंट मार्टिन. रविवार : रेल्वे संग्रहालय, मिकलगेट ते बेल हिल तटबंदी आणि त्यानंतर क्लिफर्ड्स टॉवर. त्याच्यापुढे आता मी ‘२ तास’ असे लिहिले आहे. २०२२ पासून बुरुजावर लाकडी सज्जा आहे. तिथून सारे शहर आणि मिन्स्टरचे मनोरे दिसतात. आधी पायथ्याची शिला वाचावी, नंतर वर चढावे. क्रम उलटा करू नये.

२८/ आमची परतीची गाडी संध्याकाळची होती. स्थानकावर मैत्रिणीने विचारले, “मग तुझा फोटो कुठे काढला?” एकच निघाला : मल्टँग्युलर टॉवरच्या त्या भिंतीपाशी, जिथे रोमन दगड संपतात आणि मध्ययुगीन दगड सुरू होतात.

तुमच्या पुढच्या सहलीच्या यादीत कोणत्या जागेपुढे फक्त ‘फोटो’ असे लिहिले आहे? उत्तरांत सांगा; त्यातल्या एखाद्या जागेवर पुढचा धागा लिहीन.